पोलादाचा रस आणि त्याचा साचा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस इतिहासविषयक लेख लिहावयास सांगितले, तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत, असे मनात आणून आम्ही धातूच्या रसाचा इतिहास निवडला. ज्या समाजाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या मूस, भाता आणि साचा ही उपकरणे होती, त्याच्या वार्षिकात हा विषय अस्थानी ठरू नये. आम्ही कारखान्यातले नव्हे, शाळेतले; तरी भट्टीच्या आसपास वाढलेल्या माणसास या विषयाची गोडी असतेच. पोलाद वितळविणे आणि वितळलेले पोलाद निर्दोष ओतणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि पहिले साधल्यावर दुसरे साधावयास सुमारे सव्वादोनशे वर्षे लागली, एवढेच मुख्यत्वे येथे सांगावयाचे आहे.

दक्षिणेतील ओतकामाचे नाव काढिले की मुलूखमैदान तोफ आठवल्यावाचून राहत नाही. ही तोफ इ. स. १५४९ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दीत मुहंमद बिन हुसेन रूमी या तुर्की ओतकाराने ओतली. लांबी सुमारे चौदा फूट, तोंडाचा घेर असा की आतील पोकळीचा व्यास दोन फूट चार इंच भरतो, आणि वजन अदमासे पंचावन्न टन. तोफेचे मुख सिंहासारखे असून त्याच्या जबड्यात हत्ती चिरडला जात असल्याचे दाखविले आहे. १५६५ च्या तालिकोटच्या रणात ती होती असे सांगतात; पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात पडून राहिली आणि १६३२ मध्ये मुरारपंताने ती विजापुरास नेली. इंग्रजी अमलात १८५४ मध्ये तिचा लिलाव होऊन अवघ्या दीडशे रुपयांस बोली लागली होती, आणि ती विक्री रद्द झाली म्हणूनच आज आपणांस तिचे दर्शन घडते. तिच्या धातूत तांबे चार भाग व कथील एक भाग, असे प्रमाण पृथक्करणात आढळले. म्हणजे ही घंटेच्या काशाचीच जात झाली. पन्नासांवर टन काशाचा रस एकाच साच्यात, मध्ये न थांबता, उतरावयाचा हे एका भट्टीचे काम नव्हे, आणि एका माणसाचे तर नव्हेच. ज्यांनी भाते ओढले, ज्यांनी खड्डा खणून मातीचा साचा वाळविला, त्यांची नावे तोफेवर कोरलेली नाहीत.

आता येथे थोडे स्पष्ट बोलणे अवश्य वाटते. समाजाच्या स्मरणिकांतून, आणि केवळ आपल्याच नव्हे, असे वारंवार वाचावयास मिळते की, आमच्या पूर्वजांस सर्व काही अवगत होते आणि पाश्चात्त्यांनी ते येथून उचलून नेले. अभिमान असावा, परंतु तो नेमका कशाचा हे ज्याला सांगता येत नाही त्याचा अभिमान लेकरांच्या हाती टिकत नाही. मुलूखमैदान काशाची आहे. तसले कासे सुमारे नऊशे अंश उष्णतेस पातळ होते. शुद्ध लोखंडास वितळावयास पंधराशे अंशांच्या वर उष्णता लागते. हे सहाशे अंशांचे अंतर मोठे जिवावरचे आहे. म्हणून आपल्याकडील लोखंडाची थोर कामे ओतलेली नाहीत, घडविलेली आहेत. दिल्लीचा लोहस्तंभ सहा टनांहून जड. पण तो तापलेल्या लोखंडाचे गोळे एकावर एक ठोकून सांधलेला आहे. तंजावरची सतराव्या शतकातील प्रचंड लोखंडी तोफदेखील पट्ट्या आणि कडी तापवून जोडलेली आहे. हे घणाचे वैभव होय, मुशीचे नव्हे. चिनी लोकांनी मात्र उंच भट्टीत लोखंडात कोळशाचा अंश पुष्कळ मुरवून ते सुमारे साडेअकराशे अंशांस पातळ होईल असे केले, आणि इ. स. ९५३ मध्ये कांग्चौ येथे तीस टनांहून जड असा सिंह बिडाचा ओतला. बीड आणि पोलाद ही भावंडे खरी. पण बीड घणाखाली फुटते आणि पोलाद वाकते.

तथापि पोलाद वितळविण्याची विद्या आपल्याकडे होती, आणि ती फार जुनी होती. दक्षिणेत, आजच्या तेलंगणात निजामाबादकडील कोनसमुद्रम येथे आणि तमिळ मुलखात, लहान मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, लाकूड व पाने घालून मुशीचे तोंड मातीने बंद करीत आणि ती कोळशाच्या भट्टीत तासन्‌तास तापवीत. आत लोखंड कोळशाचा अंश शोषून वितळे. हेच ते 'वूट्झ' पोलाद. इराणी व्यापारी त्यासाठी कोनसमुद्रमपर्यंत येत. १७९४ मध्ये मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले, दुसऱ्याच वर्षी जॉर्ज पीअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला, आणि पुढे विजेचे सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनीही त्याच्या परीक्षेत काही वर्षे घालविली.

परंतु, वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की, वूट्झ वितळविले जाई. ओतले जात नसे. मूस भट्टीतून काढून हळूहळू निवू देत, मग फोडून आतली वडी बाहेर काढीत. त्या मंद निवण्यातच दमास्कस तलवारीवरील ती पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दडलेली असे. तेव्हा ओतण्याची गरजच कोणास पडली नाही. गिऱ्हाईक तलवारीच्या पात्याचे होते, आणि पात्यास एक वडी पुरेशी होती. आमच्या मते कौशल्याची उणीव नव्हती, मागणीची होती. मागणी आटली तेव्हा कृती बापाकडून मुलाकडे तोंडी जाणारी असल्यामुळे ती दोनतीन पिढ्यांत विझली. कागदावर जे उरले ते बहुतेक परदेशी प्रवाशांनी लिहिलेले.

पोलादाचा रस मुशीतून साच्यात ओतणारा जो पुरुष युरोपच्या इतिहासात प्रथम दिसतो तो लोहार नव्हता, घड्याळजी होता. बेंजामिन हंट्समन हा डॉनकास्टर गावी घड्याळे करी. त्या काळचे पोलाद म्हणजे लोखंडी कांबी कोळशात पुरून आठवडाभर तापविलेल्या. वरून कडक, आतून मऊ, कोठे मळीची रेघ. अशा पोलादाच्या कमानी घड्याळात मोडत. त्याने १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ येऊन, स्टोअरब्रिजच्या चिकणमातीच्या मुशी आणि दगडी कोळशाचा कोक वापरून ते पोलाद पूर्ण पातळ केले आणि बिडाच्या साच्यात ओतले. सारा रस एकजीव झाल्यामुळे कमान सर्वत्र सारखी झाली.

यानंतर जे घडले ते कोणत्याही कारागीर जातीने वाचण्याजोगे आहे. शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्या करणाऱ्यांनी हे पोलाद घेण्याचे नाकारले, कारण ते घडवावयास फार कठीण होते आणि त्यांच्या हातांस जुन्याची सवय होती. हंट्समनने ते फ्रान्सास पाठविले. फ्रेंच सुऱ्या इंग्लंडात येऊन शेफील्डच्या मालास मागे टाकू लागल्या, तेव्हा याच मंडळींनी परदेशी पोलाद पाठविण्यास सरकारी बंदी व्हावी म्हणून खटपट केली. ती सफल झाली नाही, आणि अखेर नवे पोलाद त्यांना हाती धरावेच लागले. हंट्समननेही आपली कृती कोणास सांगितली नाही, रात्रीच काम चालवी. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याच्या वेषात एक प्रतिस्पर्धी आत शिरला आणि सर्व पाहून गेला, अशी आख्यायिका शेफील्डास आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, कृती मात्र त्याच्या हयातीतच शेजारच्या भट्ट्यांत पोहोचली होती.

त्या भट्ट्यांतील ओतणाऱ्याचे काम वर्णन करण्याजोगे आहे. अंगाभोवती ओली गोणपाटे गुंडाळून एक जण पंधराशे अंशांवरील मूस चिमट्याने वर ओढी, आणि ओतणारा ती मांडीवर तोलून साच्यात रिकामी करी. धार साच्याच्या नेमकी मध्ये, तळावर पडली पाहिजे. कडेस लागली तर तेथे पापुद्रा धरे आणि पुढे घडविताना तो उचटे. धार फार जोराची नको, फार बारीकही नको. हे पंचवीस-तीस शेरांचे ओझे हाती धरून साधावयाचे. 'पोलादाच्या प्रवाहाचे नियमन' या भारदस्त नावाने आज ज्या शास्त्राचे ग्रंथ निघतात, त्याचा ओनामा त्या ओल्या गोणपाटातील माणसाने केला, असे आम्ही समजतो.

मुशी लहान आणि मागणी मोठी, म्हणून पुढे अनेक मुशी एकापाठोपाठ एकाच साच्यात ओतू लागले. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात जर्मनीतील आल्फ्रेड क्रुप याने सुमारे दोन टनांचा पोलादी ठोकळा मांडून सर्वांस थक्क केले. क्रुपचाच शेजारी, बोखुमचा याकोब मायर, याने आणखी एक पाऊल टाकिले: ठोकळा ओतून मग घडविण्याऐवजी त्याने पोलादाची वस्तूच, म्हणजे चर्चची घंटा, थेट साच्यात ओतली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्या घंटा पाहून क्रुप म्हणाला, हे पोलाद नव्हेच, हे बीड आहे. तेव्हा मायरने एक घंटा सर्वांसमक्ष फोडविली आणि तिचे तुकडे तापवून घणाखाली घडवून दाखविले. बीड असते तर चुरा झाला असता. वाद तेथेच मिटला. शब्दाने शब्द न वाढविता मालावरच परीक्षा करून दाखविण्याची ही रीत आम्हांस फार आवडते.

१८५६ च्या ऑगस्टात हेन्री बेसेमर याने चेल्टनहॅम येथे व्याख्यान देऊन जाहीर केले की, वितळलेल्या बिडातून हवा फुंकली असता इंधनावाचूनच पोलाद होते. बिडातील कोळसा जळतो आणि त्याच जळण्याने रस अधिक तापतो. वीस-पंचवीस मिनिटांत टनावारी पोलाद! अनेकांनी हक्क विकत घेतले आणि बहुतेकांचे हात पोळले. पोलाद ठिसूळ निघे, ठोकळ्यात मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे छिद्रे दिसत. कारण दुहेरी होते. एक म्हणजे इंग्लंडच्या बहुतेक लोखंडात असलेला फॉस्फरस. दुसरे म्हणजे फुंकलेल्या हवेतील प्राणवायू रसातच राहून जाई; रस गोठू लागला की तो उरलेल्या कोळशाशी मिळून वायू होई आणि बुडबुडे अडकून पडत. रॉबर्ट मशेट याने मँगॅनीजयुक्त लोखंड घालून त्या प्राणवायूचा बंदोबस्त केला. बेसेमर कोट्यधीश झाला; मशेटचा हक्क फीच्या अभावी बुडाला, आणि उतारवयात बेसेमरकडून वर्षास तीनशे पौंडांचे वेतन घेण्याची पाळी त्याजवर आली.

पुढे सिलिकॉन व अल्युमिनियम घालून रस पूर्ण शांत करण्याची रीत पडली. साच्यात न उकळता निपचित पडून राहणाऱ्या अशा पोलादास इंग्रज कामगार 'मारलेले' पोलाद म्हणतात. आपल्याकडे पारा मारतात, तसेच हे. पण एक दोष घालविला की दुसरा पुढे येतो. बुडबुडे गेले आणि त्यांच्या जागी पोकळी आली.

ही पोकळी समजावयास भट्टीवर जावे लागत नाही. आम्ही वर्गात मुलांना घरातील तुपाची बरणी पाहावयास सांगत असू. कढविलेले तूप बरणीत ओतावे तेव्हा पृष्ठभाग सपाट असतो. थिजल्यावर मधोमध खळगा पडलेला दिसतो. कडेचे तूप आधी थिजते, मधले पातळ तूप आकसत आकसत शेवटी थिजते आणि तेथे भरावयास काही उरत नाही. (पाणी याच्या उलट वागते, गोठताना फुगते, पण पाणी हा सृष्टीतील अपवाद आहे.) पोलादही द्रवाचे घन होताना शेकडा तीनच्या आसपास आकसते. म्हणून प्रत्येक ठोकळ्याच्या माथ्यापासून आत खोलवर नळीसारखी पोकळी उतरते. एवढेच नव्हे, तर जे शेवटी गोठते त्यात गंधक, फॉस्फरस वगैरे अशुद्ध द्रव्ये लोटली जाऊन साचतात. जात्याच पोलादाचा गाभा त्याच्या कवचाहून हलका असतो तो असा.

या गोठण्याकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने प्रथम पाहणाऱ्यांत रशियाचे दिमित्री चेर्नोव हे अग्रगण्य होत. सेंट पीटर्सबर्गजवळच्या ओबुखोव कारखान्यात तोफा का फुटतात याचा शोध करताना, १८७८ मध्ये त्यांनी पोलादी ठोकळ्याच्या अंतर्रचनेवर व्याख्यान दिले. पोलाद हे खडीसाखरेप्रमाणे स्फटिकांनी गोठते, आणि ते स्फटिक झाडासारखे, खोड व फांद्या फुटत वाढतात, असे त्यांनी दाखविले. शंभर टनांच्या एका ठोकळ्याच्या पोकळीत सापडलेला, एकोणचाळीस सेंटिमीटर उंचीचा असा एक लोहवृक्ष 'चेर्नोवचा स्फटिक' म्हणून प्रसिद्ध आहे. चेर्नोव यांनी हे सारे छापून जगापुढे ठेविले. हंट्समनचे कुलूप आणि चेर्नोवचा निबंध यांमधील अंतर वाचकांनी स्वतःच मापावे.

कोणी म्हणेल, ठोकळ्यात थोडी पोकळी राहिली तर एवढे काय बिघडले? बिघडते ते असे. २५ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क संस्थानातील मँचेस्टर गावाजवळ रूळ तुटून आगगाडीचे डबे पुलाखाली कोसळले आणि एकोणतीस माणसे दगावली. प्रवाशांत यादवी युद्धातील वृद्ध सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय होते. त्या रुळाचे तुकडे जेम्स हॉवर्ड या सरकारी तपासनिसाने पाहिले तेव्हा रुळाच्या माथ्यात, बाहेरून मुळीच न दिसणारी, आडवी चीर आतल्या आत वाढलेली आढळली. अशा चिरांस दोष कोणाचा, यावर रेल्वे कंपन्या आणि पोलाद कारखानदार यांच्यात वर्षानुवर्षे हमरीतुमरी चालली. एक म्हणे चाकांचा भार फार, दुसरा म्हणे रूळच वाईट. अखेर चिरांचे मूळ पातळ पोलादात विरघळलेल्या हायड्रोजन वायूत सापडले. ओलसर चुना, गंजलेली भंगार, नीट न वाळलेले अस्तर यांतून ओलावा रसात जातो. पातळ पोलाद तो वायू पोटात घेते, घन पोलादास तो पेलत नाही, आणि निवताना तो आतून चिरा पाडतो. १९३० नंतरच्या दशकात कॅनडातील मॅकी यांच्या रीतीने रूळ झाकून सावकाश निवविण्यास प्रारंभ झाला, तेव्हा वायूला बाहेर पडण्यास अवधी मिळून या चिरा जवळजवळ नाहीशा झाल्या. १९५० नंतर बोखुमच्याच कारखान्याने, जेथे मायरने घंटा फोडविली होती तेथेच, पोलादाची धार निर्वात टाकीत ओतून वायू आधीच काढून घेण्याची युक्ती रूढ केली.

ओल्या साच्यात वा ओल्या पळीत रस ओतू नये हे आपल्या ओताऱ्यांचे पोरदेखील जाणते. त्यांचे कारण स्फोटाचे, आणि ते खरेच आहे. परंतु स्फोट न होता नुसता ओलावा रसात मुरला तरी त्याचा मोबदला वीस वर्षांनी, दुसऱ्याच कोणास, पुलावर द्यावा लागतो, हे सांगावयास मात्र प्रयोगशाळा लागली.

पोकळीवरील उपाय अनेक झाले. व्हिटवर्थने पातळ पोलाद दाबयंत्राखाली दाबले. हॅडफील्डने ठोकळ्याचा माथा कोळसा व हवेच्या झोताने तप्त ठेविला, म्हणजे वरचा रस खाली झिरपत राहावा. साच्याची रुंद बाजू वर करून पाहिली. सर्वांचा गुण आला, पण तरीही माथ्याकडील दहा ते वीस टक्के पोलाद कापून पुन्हा भट्टीत टाकावे लागे. ठोकळा आहे तोवर माथा आहे, आणि माथा आहे तोवर पोकळी आहे. मग ठोकळाच नको, खालून गोठलेला दांडा सतत ओढून घ्यावा आणि वरून रस सतत भरावा, म्हणजे पोकळी भरावयास रस नेहमीच हजर, असा विचार निघाला. यासच अखंड ओतकाम म्हणतात.

सांगावयास सोपे, करावयास तितकेच अवघड. तांब्याच्या, बाहेरून पाण्याने थंड केलेल्या तळविरहित साच्यात रस ओतला की कडेस पातळ कवच धरते. ते साच्याच्या भिंतीस चिकटले आणि खालून ओढ बसली की फाटते, आणि आतला रस धबधब्यासारखा बाहेर येतो. खाली पाण्याचे फवारे. पाणी आणि पातळ पोलाद यांची गाठ म्हणजे प्रलय. जर्मनीतील सीगफ्रीड युंगहान्स याने १९३३ मध्ये साचाच वरखाली हलता ठेवण्याची युक्ती पितळेसाठी काढली. चाळणी हलवीत राहिले की पीठ चिकटत नाही, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकेच्या आयर्व्हिंग रॉसी यांनी १९३६ मध्ये ते काम पाहून हक्क घेतले आणि पोलादाकडे वळविले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात बॅरो येथे हॅलिडे यांनी आणखी मर्म ओळखले: साचा खाली येताना दांड्याहूनही किंचित वेगाने यावा, म्हणजे कवचावर ओढ न बसता दाब बसतो आणि फाटू पाहणारी जागा मिटते. पहिली यंत्रे मनोऱ्यासारखी उभी, कैक मजली उंच असत. १९६३ च्या सुमारास साचाच वाकडा करून दांडा कमानीने आडवा वळविण्याची सोय झाली आणि कारखान्याचे छप्पर खाली आले.

आता प्रवाहाविषयी. भट्टीतून रस लॅडलमध्ये, म्हणजे विटांचे अस्तर लावलेल्या प्रचंड बादलीत, घेतात; तेथून तो टंडिश नावाच्या लांबट हौदात आणि तेथून साच्यात उतरतो. टंडिश नुसता वाटप करणारा हौद नव्हे. धरणाच्या कालव्यात पाणी संथ झाले की गाळ बसतो. पोलादातली घाण हलकी म्हणून ती येथे वर तरंगते, एवढाच फरक. म्हणून आत बांध आणि भिंती घालून रसास फेऱ्याची वाट दाखवितात, तळाची धार थेट नळीकडे धावू देत नाहीत. उघडी धार हवेतून पडली तर वाटेतच प्राणवायू पिते आणि मळी होते. यास्तव १९६० नंतर, साच्यातील रसात बुडालेली भाजक्या मातीची नळी आली. तिची तोंडे बाजूस, म्हणजे धार खोल न जाता कडेस वळावी आणि मळीचे कण वर येण्यास सापडावे. साच्यातील रसावर एक भुकटी पसरतात. ती वितळून काचेसारखी होते, ऊब धरते, वर आलेली घाण टिपून घेते आणि साचा व कवच यांमध्ये तेलासारखी झिरपते. पळीने हाकलावी ती मळी आता भुकटीच पिऊन टाकते, हे ऐकून आमच्या वृद्धांस हसू आले असते.

आणि आता जी गोष्ट आम्हांस सर्वांत अद्‌भुत वाटते ती. पोलादाच्या साच्यात डोकावून पाहता येत नाही. मग आतला प्रवाह कळावा कसा? पातळ पोलाद पाण्याच्या सातपट जड आहे आणि त्याची चिकटपणाची घर्षणशक्तीही तितक्याच पटींच्या जवळपास अधिक आहे. एकास दुसऱ्याने भागले असता जो आकडा येतो त्यावर प्रवाहाचे वळण बरेचसे ठरते, आणि तो आकडा खोलीतल्या साध्या पाण्याच्या आकड्याशी जवळजवळ जुळतो. म्हणून शास्त्रज्ञ पारदर्शक प्लॅस्टिकचा साचा करून त्यात नळाचे पाणी सोडतात, वर शाई टाकतात, आणि सोळाशे अंशांच्या पोलादात काय चालले असेल ते टेबलाशी बसून पाहतात. भोवरा कोठे पडतो, धार कोठे आदळते, वरची भुकटी खाली कोठे ओढली जाते, हे सर्व दिसते. उष्णतेने रस वर चढतो तो भाग पाण्यात येत नाही, म्हणून आता गणकयंत्रही जोडीस घेतात. तरी शाई आणि पाणी सुटलेले नाही. गणिताची भीती बाळगणाऱ्या मुलांस हा एक भागाकार आम्ही अवश्य शिकविला असता.

एक त्रास मात्र अजून पुरता सुटलेला नाही. रस शांत करण्यासाठी घातलेले अल्युमिनियम प्राणवायूशी मिळून बारीक पांढरे कण होते, आणि ते कण नळीच्या आतून चुनखडीप्रमाणे चढत जाऊन ती बुजवितात. नळीतून आर्गॉन वायूचे बुडबुडे सोडणे, थोडे कॅल्शियम घालून त्या घन कणांचे पातळ थेंब करणे, हे उपाय चालतात. पण कॅल्शियम थोडे कमीअधिक झाले, किंवा पोलादात गंधक जास्त असले, की नवेच खडे तयार होतात.

आपल्या देशात विशाखापट्टणमचा पोलाद कारखाना १९९२ मध्ये राष्ट्रास अर्पण झाला तो सर्व पोलाद अखंड पद्धतीने ओतण्याच्याच योजनेने बांधलेला होता. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील डोलवी येथे, पेणच्या खाडीकाठी, पातळ लाद ओतून ती गरम असतानाच पत्र्यात लाटण्याची यंत्रणा गेल्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. कोल्हापूर, सांगलीकडील आपल्या अनेक बांधवांच्या ओतशाळा वाळूच्या साच्यात बीड ओततात. त्यांचा मार्ग निराळा आहे, आणि बिडाचा एक गुण त्यांस लाभतो की त्यातील काळा कोळसा गोठताना थोडा फुगून पोकळी भरून काढण्यास मदत करतो. त्यांपैकी जे पोलादाकडे वळले त्यांना माथ्यावर रसाचा मोठा साठा ठेवण्याची गरज का पडते, हे तुपाच्या बरणीवरून ध्यानात येईल.

राहता राहिली बेसेमरची दुसरी कल्पना. त्याने १८५७ मध्ये असा हक्क घेतला होता की, पाण्याने थंड केलेल्या दोन फिरत्या रुळांच्या मधल्या फटीत पातळ धातू ओतावा आणि खालून तयार पत्राच निघावा. ठोकळा नको, लाटणे नको. १८९१ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याने हाच विचार लोहपोलाद संस्थेपुढे पुन्हा मांडला. रुळांच्या कडेने रस गळे, पत्रा सर्वत्र सारखा येत नसे, रुळांवरील रसाची पातळी राखणारे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. जपान व ऑस्ट्रेलियातील कंपन्यांनी वर्षानुवर्षे त्यावर काम केले आणि २००२ मध्ये अमेरिकेत इंडियाना संस्थानातील क्रॉफर्ड्सव्हिल येथे असे यंत्र व्यापारी रीतीने चालू झाले. दोन तांब्याच्या रुळांमध्ये पोलादाचे उथळ तळे साचते, दोन्ही रुळांवर कवच धरते, ती दोन कवचे फटीत एकमेकांस मिळतात आणि खालून दोन मिलिमीटरांहून पातळ असा पत्रा, मिनिटास कित्येक मीटर, सरळ खाली उतरतो.